कोड ओंकारच्या मेलवर येतो

सोम., ३ नोव्हें.
कामावर परत. टेबलावर कोणीतरी गुलाब ठेवलेला, बिनपाण्याच्या ग्लासात. मंदारने, म्हणजे मॅनेजरने, केबिनमध्ये बोलावलं. "वाईट झालं मॅडम. ओंकार म्हणजे आपला हिरा होता." आणि त्याच दमात काम. ओंकारने केलेल्या टूलचं डॉक्युमेंटेशन मी लिहायचं. माझा धाकटा भाऊ. या कंपनीत मीच चिकटवलेला.
टूल असं: साइट पासवर्डऐवजी ईमेलवर सहा आकडी कोड पाठवते. एआय एजंट ती मेल स्वतः उघडतो, कोड काढतो, लॉगिन करतो. माणूस लागत नाही.
फाइल उघडली. पहिलीच ओळ, "निर्मिती: मंदार".
मी "बरं" म्हणून बाहेर आले. मी नेहमी बरंच म्हणते.
यापुढे इथे नुसतं म. पूर्ण नाव लिहायचं नाही.

बुध., ५
एजंटसाठी लिहिणं वेगळं. एखादी पायरी गाळली तर माणूस येऊन विचारतो. एजंट लिहिलंय तेवढंच करतो, अडला की परत पहिल्यापासून. म्हणून प्रत्येक फाइल ओळ न ओळ वाचावी लागते. म.ने वाचलेली नाही. वरचं नाव बदलून स्वतःचं घातलं, बंद केली.
सेटिंगच्या फाइलमध्ये मेलचा पत्ता अजून ओं.चाच. त्याचा स्वतःचा, घरचा.
ऑगस्टमध्ये म्हणाला होता, "ताई, टेस्टिंगला वेगळा मेलबॉक्स द्यायला आयटीवाले तीन आठवडे लावणार. सर म्हणतात थांबू नको, तुझाच वापर." मी म्हटलं, वापर मग. काय बिघडतं.

गुरु., ६
डोंबिवलीला घरी पोचले तर आई दारातच. "त्याचा फोन दिवसभर वाजतोय गं. बघ कोण आठवण काढतंय." तो फोन ती फोटोशेजारी चार्जिंगला ठेवते. हलवू देत नाही.
सगळे कोड. ऑफिसात टेस्टिंग चाललंय.
"ऑफिसचे आहेत," म्हटलं.
"बघ. विसरले नाहीत."

शनि., ८
त्याचा मेलबॉक्स उघडला. पासवर्ड मला माहीत आहे. खाली खाली जात सप्टेंबरपर्यंत गेले. कोड, कोड, कोड. ताप अंगावर काढून काम करत होता त्या मंगळवारचे तर संपेचनात. त्यांच्या मध्ये एक न उघडलेली मेल. नौपाड्यातल्या लॅबची. रक्ताचा रिपोर्ट. प्लेटलेट्स फार कमी, डॉक्टरांना लगेच भेटा.
तो म्हणत होता रिपोर्ट आलाच नाही. "लॅबवाले आळशी आहेत गं."
शुक्रवारी घोडबंदर रोडला ऑफिसच्या जिन्यात पडला. रविवारी
नको.

सोम., १०
म. मीटिंगमध्ये: "बुधवारी क्लायंट येतोय, डेमो मी स्वतः देणार. चार पानं पुरेत मॅडम. वाचणार कोण? एजंटच ना!" हसला. बाकीचेही हसले.
'लक्षात ठेवा' या मथळ्याखाली एक ओळ लिहिली: कोड सध्या ओंकारच्या खासगी मेलवर येतो, वापरण्याआधी पत्ता बदला. पाचला काढून टाकली. साडेपाचला परत घातली. सहाला पाठवलं. पान तीन. वाचलं तर वाचला.

मंगळ., ११
म.चं उत्तर कालच आलेलं, चार मिनिटांत. "परफेक्ट!" पत्ता तसाच.
उद्या रजा टाकली. ओं.च्या मेलबॉक्सात जाऊन टूलची परवानगी काढली. एक बटण. आता कोड येईल, एजंटला उघडता येणार नाही.
ओं.ला हे आवडलं नसतं. तो कधी कोणावर चिडायचा नाही. त्याच्या वाटचं मी चिडतेय.

बुध., १२
११.१०. त्याचा फोन वाजला. पहिला कोड. मिनिटाने दुसरा. अडला की परत पहिल्यापासून. आठव्याला आई पोळ्या सोडून बाहेर आली. "कोणीतरी फारच बोलावतंय गं त्याला."
११.२०. माझ्या फोनवर म. दबका आवाज. "मॅडम, कोड कुठे जातोय? क्लायंट आत बसलाय."
"पान तीन."
पानं उलटल्याचा आवाज. मग, "वाचून दाखवा ना कोड. प्लीज. दहाच मिनिटं चालतो."
"आत जा. हे टूल कोणी केलं ते त्यांना सांगा. फोन चालू ठेवा, मला ऐकू दे. मग वाचते. आणि त्याचा रक्ताचा रिपोर्ट याच मेलमध्ये पडून होता. तुमच्या कोडांखाली. न उघडलेला."
तो हळू म्हणाला, "रजा मागायला आला होता तो. मी तुम्हाला विचारलं होतं मॅडम. तुम्हीच म्हणालात, नवी नोकरी आहे, दोन दिवस काढेल."
म्हणाले होते. चहाच्या मशीनपाशी. हसत.
मी फोन ठेवला नाही. त्यानेही नाही. दार ढकलल्याचा आवाज आला. आत माणसं आहेत, कोणीतरी खुर्ची सरकवली. म. अजून काही बोललेला नाही. कान तिकडे ठेवून हे लिहितेय.
ओं.चा फोन परत वाजला. सहा आकडे समोर आहेत.
आई म्हणते, "उत्तर दे गं. असं ताटकळत ठेवू नये कोणाला."