बारा पानांचं दीड पान

आदरणीय मामा,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतोय? मामींचा खोकला थांबला का? मी ठणठणीत आहे. चार महिन्यांत नोकरी बदललेली नाही (हे मामींना आधी खाली बसवून मग सांगा).

इथल्या विद्यापीठात माझं काम खुर्च्या मांडायचं. गेल्या आठवड्यात प्राध्यापकांची तीन दिवसांची कार्यशाळा होती. विषय असा, की कुणीही बाहेर राहू नये असा अभ्यासक्रम कसा करायचा. शिकवणाऱ्या बाई चाकांच्या खुर्चीवरून आल्या आणि मी रांगा इतक्या खेटून लावलेल्या की त्या दारातच अडकल्या. म्हटलं, गेली नोकरी. पण बाई म्हणाल्या, "काही हलवू नका. पहिला धडा इथंच." तासभर सगळे माझ्या खुर्च्यांवरच बोलत होते (माझ्या कामाची एवढी दखल तुमच्या वर्गातही कुणी घेतली नव्हती, छडी सोडून).

मग बाईंनी मलाच बसवून घेतलं. संध्याकाळच्या यंत्रदुरुस्तीच्या अभ्यासक्रमाचं बारा पानी माहितीपत्रक वाचायला घेतलं. जिथं मला कळणार नाही तिथं मी हात वर करायचा. मामा, जेवणाच्या सुट्टीपर्यंत हात खाली आलाच नाही. एक जाड चष्म्याचे प्राध्यापक वैतागले, "अरे, यात न कळण्यासारखं आहे काय?" मी म्हटलं, "मग तुम्हीच सांगा ना, सर." ते सांगायला लागले आणि मध्येच थांबले. ती ओळ म्हणे त्यांनी शेजारच्यांच्या पत्रकातून उतरवलेली. शेजारचे म्हणाले, "मी तर तुमच्यातून घेतली!"

तिसऱ्या दिवशी बारा पानांचं दीड पान झालं आणि मला सगळं कळलं. तिथंच घात झाला. बाईंनी विचारलं, "मग अर्ज कधी भरतोस?" तीस प्राध्यापक वळून बघायला लागले. मी हो म्हणालो. पण मामा, खोलीवर येऊन ते दीड पान पुन्हा वाचलं. मला खरंच शिकायचंय. (हसू नका.)

तुमचा भाचा,
भिंगरी

ता. क. शाळा सोडल्याचा दाखला शुक्रवारपर्यंत लागतो. हेडमास्तर तुम्हीच, तेव्हा पाठवून द्या. मी भिंतीवरून गेलो त्या गडबडीत मागायचा राहिला.

ता. क. २. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात काहीतरी बरं लिहा. खरं कारण तुमचा गणिताचा तास, पण ते तुम्हालाच अडचणीचं जाईल.

ता. क. ३. बाई शाळेत फोन करून दाखला मागवणार होत्या. मी घाबरून हेडमास्तर दोन वर्षांपूर्वी वारले असं सांगून बसलोय. तेवढी सहीखाली तारीख जुनी टाका.