फ्रेममधली ती बाई

४ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून नवं आयुष्य. फोटोंच्या ऑनलाइन गॅलरीत नाव नोंदवलं. टोपणनाव 'कटाक्ष'. खरं नाव देणार नाही. शाळेतली मुलं भीतीने फोटोच टाकायची नाहीत.
गॅलरी एक दातांचे डॉक्टर हौसेने चालवतात. नियम असा की आधी इतरांच्या पाच फोटोंवर मत द्यायचं, मगच आपला टाकायचा. मला मत द्यायला काय, तीस वर्षं निबंध तपासलेत! निवृत्त झाल्यापासून माझं कोणी ऐकत नाही, एवढीच अडचण. लेक फोनवर 'हो आई, हो आई' करते आणि तिकडे भांडी घासते. ह्यांना तर ऐकूच येत नाही, किंवा तसं दाखवणं सोयीचं पडतं.
एक तरी माणूस मिळावा, जो मी सांगेन ते करेल. बस्स.

६ फेब्रुवारी
पाच मतं दिली. सूर्यास्त: 'शिळा विषय.' मांजर: 'मांजराला रस नाही, आम्हाला कसा असेल?' कुणीही आभार मानले नाहीत. विचारात पडले असणार.
माझा जिन्याचा फोटो टाकला. दातांच्या डॉक्टरांनी एकच शब्द लिहिला: 'फोकस?' माणूस तोंडात वाकून बघणारा, त्याला लांबचं काय दिसणार.

९ फेब्रुवारी
लेकीला सांगितलं, मी फोटोंची समीक्षा करते. म्हणाली, आई, तू माझ्या लग्नात सगळ्यांची डोकी कापली होतीस! म्हटलं, समीक्षकाला फोटो काढता यावाच असं नाही. तर म्हणे, बाबा काय करतात दिवसभर? म्हटलं, नवा मोबाईल घेऊन घरात फिरत असतात. जन्मभर ऑफिसात नकाशे काढले, आता हाताला चाळा नाही. मघाशीही स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, चहाची वाट बघत. मागायचं मात्र नाही.

१२ फेब्रुवारी, दुपार
सापडला! 'नवशिक्या' नावाचा सभासद. पहिलाच फोटो, नाव 'सकाळ'. कृष्णधवल. उजळलेली खिडकी, बाकी अंधार, आणि मध्ये पाठमोरी बाई. नुसती काळी आकृती, तरी पोक लपत नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर डोक्यावर पुस्तक ठेवून चालायला लावायच्या. अजून माझी पाठ ताठ आहे, ती त्यामुळेच.
लिहिलं: 'खिडकी उत्तम. बाई अवजड. नजर अडते.'
तासाभरात उत्तर: 'सर, मनापासून आभार. लक्षात ठेवीन.'
मला सर म्हणतो! जाणकारी दिसली की लोक पुरुषच समजतात.

१७ फेब्रुवारी
नवशिक्याचा दुसरा फोटो, 'दुपार'. चष्मा पुसणारे दोन हात, जरा हललेले. लिहिलं: 'शिरा फार दिसतात. ह्या वयाच्या बायका क्रीम का लावत नाहीत? तरुण हात शोधा.'
त्याचं उत्तर: 'सर, घरात हेच हात आहेत. मला आवडतात, पण तुम्ही म्हणता तर बघतो.'
भाबडा आहे. पण ऐकतो! ह्यांना जेवताना त्याच्याबद्दल सांगणार होते. ह्यांचं लक्ष माझ्या ताटाकडे. म्हटलं, काय हवंय? म्हणाले, काही नाही, उजेड चांगला पडलाय. चाळिशीचा नंबर वाढला असावा.

२३ फेब्रुवारी
पुन्हा तीच बाई! खुर्चीत झोपलेली, तोंडावर पेपर. दातांच्या डॉक्टरांनी लिहिलंय, 'फार जिव्हाळ्याचा फोटो.' अशाने नवखी माणसं बिघडतात. मी स्पष्ट लिहिलं: 'जिव्हाळा म्हणजे फोटो नव्हे. एकच विषय किती दिवस? त्या बाईंना फ्रेमबाहेर काढा. खिडकी, खुर्ची, उजेड एवढंच ठेवा. बघा कसं मोकळं वाटतं.'
तो लिहितो: 'सर, तिच्याशिवाय दुसरं काही काढायला सुचत नाही. समोरासमोर बघितलेलं तिला आवडत नाही, म्हणून असं चोरून बघतो. पण प्रयत्न करतो.'
कुणाची बायको आहे कोण जाणे. नशीबवान आहे आणि तिला पत्ता नाही. असो. कला वेगळी, संसार वेगळा.

१ मार्च, सकाळ
ओट्यापाशी उभी होते. हे आले. म्हणाले, अगं, जरा बाजूला होतेस का? खिडकीचा फोटो घ्यायचाय. नुसत्या खिडकीचा.
बाजूला झाले. दूध उतू गेलं.

१ मार्च, संध्याकाळ
गॅलरीत नवशिक्याची खिडकी आली आहे. बाहेर आमची पाण्याची टाकी.
खाली लिहिलंय: 'सरांच्या सल्ल्याप्रमाणे.'
सगळे जुने फोटो पुन्हा बघितले. पोक फार नाही. कोनामुळे वाटतं.

३ मार्च
तसं काही बिघडलेलं नाही. जे मोडता येतं ते जोडताही येतं. सकाळीच ठेवणीतली साडी नेसले, हाताला क्रीम लावलं आणि खिडकीत पाठ करून उभी राहिले. खांदे मागे, मान सरळ. हे दारात आले. मला पावलं ऐकू आली. म्हणाले, कुठे जायचंय का?
म्हटलं, नाही.
बरं म्हणाले आणि बाल्कनीत जाऊन रिकाम्या खुर्चीचा फोटो घेऊन आले.
म्हटलं, अहो, माझा काढा ना एखादा. लगेच माझ्या समोर येऊन उभे राहिले. म्हणाले, हस. मला हसू आलं नाही. त्यांनीही क्लिक केलं नाही. म्हणाले, राहू दे, तुला आवडत नाही ना.

६ मार्च
'ते सर म्हणजे मीच' असं सांगून टाकावं? नको. इतक्या वर्षांत माझं त्यांनी पहिल्यांदा ऐकलंय, ते सरांचं म्हणून. आणि क्रीमचं वाक्य मीच लिहिलं होतं, हे कोणत्या तोंडाने सांगू? त्यापेक्षा सरांनीच मत बदलावं. समीक्षकाने मत बदलणं हा मोठेपणा असतो.
मसुदा केला. तीनदा खोडला.

८ मार्च, दुपार
पाठवलं: 'नवशिक्या, माझी चूक झाली. तुमच्या फोटोंत जीव होता तो त्या बाईंमुळे. त्यांना परत आणा.'
हे पलीकडच्या खोलीत होते. मोबाईल वाजलेला मला इकडे ऐकू आला. खुर्ची करकरली, म्हटलं, आले. आले नाहीत. टाइप करायला त्यांना वेळ लागतो, एका बोटाने करतात.
उत्तर आलं: 'सर, तुमचा मोठेपणा. पण तुमचं आधीचंच बरोबर होतं. तिला फ्रेमबाहेर काढताना सुरुवातीला जड गेलं. आता सवय झाली. खरंच मोकळं वाटतं.'
व्याकरणाची एकही चूक नव्हती. मी 'छान प्रगती' असं लिहून पाठवलं.