हलू नकोस

सोमवार
आलो एकदाचे! धबधब्यापासून हाकेच्या अंतरावर खोली, कॅलेंडरसाठी फोटोंचं काम आणि मदतीला धाकटी बहीण. मदत कसली, तिच्या पायाला भिंगरी आणि तोंडाला उसंत नाही. पण सोबत बरी. मालकीणबाईंची एकच ताकीद: धबधब्यासमोर थांबलात तर हलत राहा. इथली माणसं तिथे खरंच डुलत डुलत बोलतात. धाकटीने त्यांची अशी नक्कल केली की मी पोट धरधरून हसलो.

मंगळवार
कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट, भिंगावर काळी काच, शटर तीस सेकंद उघडं. पाण्याचं नुसतं दूध झालं! पण कडा किती उंच ते कळेना, म्हणून धाकटीला पाण्याजवळच्या खडकावर उभं केलं. ती हलायची आणि पुसट यायची. शेवटी चिडलो, दम दिला, की श्वाससुद्धा घेऊ नकोस. मग जमलं. परतताना ती गप्प होती. दमली असेल.

बुधवार
फोटो मोठा करून पाहिला. धाकटी फारच रेखीव आलीय. तीस सेकंदांत जिवंत माणसाची पापणी लवतेच. वाऱ्यावर तिचे केस उडत होते, तेही पुसट नाहीत. आणि तिच्यामागे पाण्यात माणसं उभी आहेत. तितकीच रेखीव. आधीच्या फोटोंत पाण्यात कुणीच नाही.
फोटो दाखवताच मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, एवढं सांगूनही पोरीला स्थिर उभं केलंत? जो तिथे स्थिर राहतो, त्याला पाणी आपला समजतं. आता तिला चालवत ठेवा. थांबू देऊ नका.

गुरुवार
सकाळपासून तिला हाताला धरून अंगणात फिरवतोय. सोडलं की थांबते. जेवत नाही, बोलत नाही. एवढ्या उन्हात कपडे ओलेच. मीच म्हटलं होतं, हलू नकोस — आता अक्कल येऊन काय उपयोग —

शुक्रवार
भरदुपारी माझा डोळा लागला. ती गेली.
खडकावर सापडली. ओढली, हलत नाही. तिने माझा डावा हात धरलाय. सुटत नाही —
मालकीणबाई काठावरून ओरडतायत, हलत राहा, हलत राहा. पाय उचलत नाहीत. मान वळत नाही. हा एकच हात हलतोय, म्हणून वही काढली. काहीही लिहितोय. धाकटे, घरी चल ना. आईला काय सांगू —
बोटं जड —
थांबायचं नाही. लिहीत राहा. लिहीत रा