तळघरातला गुळुक आवाज

कॉर्व्हॅलिस, ओरेगॉन
मंगळवार

प्रिय एमेट,

मी सुखरूप पोचले. रसेल आणि त्याची बायको मजेत आहेत. तुझी छाती कशी आहे? गोळ्या घेतोस ना?

आता मुद्द्याचं. आपला मुलगा घरी बिअर करतो, हॉप्सची फुलं घालून. स्वयंपाकघरात झाकणबंद बादली, झाकणावर पाण्याची वाकडी नळी, आणि ती दिवसभर गुळुक गुळुक करते. तो आवाज ऐकून माझ्या हातातली बशी पडली. आपल्या तळघरातून वर्षानुवर्षं हाच आवाज येतो. मी निघाले तेव्हाही येत होता, आणि तू म्हणालास, बॉयलर जुना झालाय!

"आई, मला बाबांनीच शिकवलं," रसेल म्हणाला. "तुला खरंच माहीत नाही?"

मी दोनदा प्लंबर बोलावला, एमेट. दोन्ही वेळा तो ओठ पुसत, गाणं गुणगुणत तळघरातून वर आला.

संध्याकाळी मी अर्धा ग्लास चाखला. संत्र्याच्या सालीचा वास, शेवटी कडू. मला धक्काच बसला, कारण आवडली. "बाबांची याहून छान होते," रसेल म्हणे.

डॉक्टरांनी तुला जिना बंद सांगितलाय. चोरून तळघरात उतरू नकोस. मी रविवारी येते. बाटल्या मी भरीन, तू वरून खुर्चीतून सांग.

अजून तरी तुझीच,
विनिफ्रेड