सर्व्हर चालू ठेवूनच

मंगळवार, संध्याकाळ

आज जमलं. रक्तपेढीच्या सर्व्हरची डिस्क सकाळीच भरत आली होती, दुपारनंतर एकही नोंद झाली नसती. सर्व्हर बंद करून जागा वाढवणं सोपं. पण काउंटरवरच्या शबानाताई म्हणाल्या, "बंद करू नका मॅडम, गारगोटीहून आलेलं पावणं रक्ताच्या पिशवीसाठी थांबल्यात."

मग चालू सर्व्हरलाच नवी डिस्क जोडली. शेवटची कमांड लिहिली, पण एंटरवर बोट पडेना. बॅकअप घेतलाय ना? घेतलाय, दोनदा तपासला. तरी बोट पडेना. शेवटी दाबलं. जागा दुप्पट झाली आणि डेटाबेस क्षणभरही थांबला नाही.

बाहेर आले तर पावणे पिशवी घेऊन निघाले होते. शबानाताईंनी विचारलं, "मग, काम कधी करताय?"

"झालं की," मी म्हटलं. एवढ्या ऐटीत मी स्वतःच्या लग्नातही बोलले नव्हते.