पुस्तकापेक्षा एक चिमटी कमी

प्रिय आबा,

आज सावंत अंकल सॉरी म्हणाले. तुम्हाला! तुम्ही नाही, म्हणून मला म्हणाले. ते तुमच्यापर्यंत पोचवायलाच हवं ना? म्हणून लिहितेय. मराठीत चुका होतील, हसू नका.

तुमचं जुनं रीलोडिंगचं पुस्तक माळ्यावर सापडलं. रायफलच्या कुठल्या काडतुसात जास्तीत जास्त किती दारू भरायची, त्याचे तक्ते. आणि प्रत्येक आकड्यापुढे तुमच्या लाल पेन्सिलीने थोडा कमी आकडा!

यावरूनच रायफल क्लबात तुम्हाला 'चिमटी' म्हणायचे ना? "पुस्तकात आहे तेवढं भर की रे चिमटी, बायकोला विचारून भरतोस काय?" शेवटी सावंत अंकलनी कमिटीकडे तक्रार केली, हा माल कमजोर भरतो. क्लबातलं तुमचं काडतुसं भरायचं टेबल गेलं. रायफली सोडून तुम्ही एपीएमसीत धान्याच्या गोदामात कारकून झालात.

आणि मी? शूटिंग शिकायला लागल्यावर मीसुद्धा म्हणालेच होते, "आबा, छापलेलं चुकीचं कसं असेल?"

तुम्ही म्हणालात, "छापणाऱ्याने माझ्या रायफलचा बोल्ट उघडून बघितला नव्हता." बास, एवढंच! नीट समजावलं का नाही हो?

मग मी आजचं पुस्तक आणलं. एक्सेलमध्ये तीन कॉलम: जुना आकडा, तुमचा लाल, आजचा. पहिल्यांदा सगळं उलटं आलं. आजचे आकडे जुन्यापेक्षाही जास्त! रडूच आलं मला. दोन दिवसांनी ट्यूब पेटली. दारूचा नंबर तोच, पण कंपनी वेगळी. म्हणजे दारूच वेगळी! कसली बावळट मी.

पुन्हा मांडलं. आबा, आजचे आकडे तुमच्या लाल आकड्यांना चिकटून बसले! पूर्वी तांब्याचा तुकडा किती चेपला त्यावरून प्रेशर मोजायचे. आता सेन्सर क्षणाक्षणाचं पकडतो. तांब्याला जे जादा प्रेशर दिसलं नाही ते तुम्ही काडतुसाच्या बुडाचा चपटा झालेला प्रायमर आणि गोळी झाडल्यावर जड उघडणारा बोल्ट बघून ओळखलं होतं!

एका काडतुसाला मात्र उगाच घाबरलात हां. तिथे पुस्तक बरोबर होतं. ती ओळही ठेवली. लपवली असती तर तुम्हीच ओरडला असता.

आज सोसायटीच्या गार्डनमध्ये अंकलना गाठलं.

"काय गं चिमटीची नात, लॅपटॉप घेऊन कुठे?"

"तुमच्याकडेच. चष्मा लावा."

ओळींवरून बोट फिरवत ते खाली आले. "माझी रायफल कुठाय यात?"

"चौथी ओळ."

तिथले तिन्ही आकडे त्यांनी दोनदा वाचले. मग म्हणाले, "त्याचं टेबल गेलं, पुस्तकाप्रमाणे भरलेला माल आला आणि माझा बोल्ट अडकायला लागला गं. हातोडीने ठोकून उघडायचो. शिव्या मात्र रायफलला द्यायचो." चष्मा काढून पुसला. "सॉरी सांग त्याला."

सांगितलं, आबा. जिंकलात तुम्ही!

क्लबने तुमचं पुस्तक बघायला मागितलंय. दाखवेन, पण प्रॉमिस, लाल आकडे कुणालाही उतरवून देणार नाही. ते तुमच्या दारूचे, तुमच्या काळातले. मागेल त्याला आधी आजचं पुस्तक उघडायला लावेन, मग स्वतःचा बोल्ट.

तुमची,
गार्गी

(सावंत अंकल आता मलाच चिमटी म्हणतात. मी ओ देते.)