इंजिन आज लवकर थांबलं

प्रिय बादल,

फोन केला की तू हसतोस, ‘ताई, गाडीवर आहे’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून कागद घेतला. शेजारचे पंजाबराव मोटारसायकलने तुझ्याकडे वणीला निघालेत, ते तुझ्या हातातच देतील.

आधी चांगली बातमी. यंदा आपला गहू शेवटच्या पाण्यापर्यंत भिजला. सौर पंप आल्यापासून ऊन चढलं की पाणी सुरू होतं, कुणाला काही विचारावं लागत नाही. बाच्या वेळी असं कधी झालं का रे? कुठे समुद्रापलीकडे लढाई पेटायची आणि आपल्या विहिरीवरचं इंजिन लवकर बंद व्हायचं. बा डिझेलचा कॅन हलवून बघायचा आणि अर्धं वावर कोरडं ठेवून कडेला धुऱ्यावर बसायचा. इंजिन थांबलं की याडी बासाठी भाकरीचं गाठोडं उचलायची. डिझेल महागलंय हे तांड्याला त्या आवाजावरूनच कळायचं.

मी माहेरी याडीकडे राहायला आले ती पंधरा दिवसांसाठी, पण अजून केळापूरला सासरी परत गेले नाही. कारण सांगायचं टाळत होते. बा गेल्यावर ते इंजिन आपण भंगारात दिलं, तूच टेम्पोत चढवलंस. तरी याडी भर दुपारी हातातलं काम सोडते, कान देते आणि म्हणते, ‘थांबलं पाह्य इंजिन. तुमचा बा उपाशी असन.’ मग गाठोडं घेऊन विहिरीवर जाते. येताना फडकं रिकामं असतं. कुत्री खात असतील म्हणून मी तिच्यावर ओरडलेसुद्धा.

एकदा म्हणाली, ‘आज लवकर थांबलं. डिझेल वाढते आता.’ मी हसले. संध्याकाळी टीव्हीवर तीच बातमी. नंतर एकदा म्हणाली, ‘आज लय येळ चाललं,’ आणि भाव उतरला. त्यानंतर मी हसणं बंद केलं.

परवा दुपारी तिच्या मागे गेले. पॅनल उन्हात चकाकत होते, पाणी मुकाट पाटात पडत होतं. कडुनिंबाखाली इंजिनाचा जुना ओटा आहे ना, तिथे दाट सावली होती. मी ओट्यावर हात ठेवला. तो गरम होता, नुकतं इंजिन बंद केल्यासारखा. हाताला डिझेलचा वास आला. दोनदा साबण लावला तरी जाईना.

बादल, तुझी अडचण मला कळते. ट्रकच्या कोळशाच्या फेरीचं भाडं ठरलेलं, डिझेल मात्र मनाला येईल तसं चढतं. ते चढलं की तू झोप कापतोस. मागच्या वेळी आलास तेव्हा जेवता जेवता तुझी मान पानावर पडली होती. इकडे उन्हाचा भाव कुणी वाढवत नाही. गव्हानंतर भेंडी लावता येईल, सांभार-कोथिंबीर लावता येईल. दोघांनी केलं तर घर आरामात चालतं. हे मी आधीही म्हणाले होते आणि तू मला शेतकी खात्याची बाई म्हणून चिडवलं होतंस.

आज मात्र चिडवू नकोस. काल इंजिन सुरू झालं आणि लगेच थांबलं, असं याडी म्हणाली. तिने दोन गाठोडी बांधली. मी विचारलं, दुसरं कायले? तर सहज म्हणाली, ‘बादल बसला हाये ना बापाजवळ.’ मी लगेच तुला फोन लावला, तू उचललास, हसलास, आणि ते हसू ऐकून मी खूप रडले. डिझेल वाढल्याची बातमी रात्री आली. तू आता पुन्हा झोप कापशील. आज फेरी घेऊ नकोस. किल्ली मालकाला दे आणि पंजाबरावांच्या मागे बसून निघून ये. चुलीपुढे याडी भाकरी थापते आहे, आजही दोघांसाठी. ती दुसरी तू बाजवळ नाही, घरात बसून, माझ्यासमोर खा.

तुझीच, दारात उभी असलेली,
उज्ज्वलाताई